बजेट कमी असेल तर आधी टेंपरेचर कंट्रोलर घ्या: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

होमब्रूइंगमध्ये, म्हणजे घरी बियर बनवण्याच्या छंदात, थोडे पैसे साठले की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो, आता काय घ्यायचं? मोठी केटल (उकळायचं भांडं), उकळलेलं पटकन थंड करणारा कॉपरचा चिलर, केग (बियर साठवायचं धातूचं पिंप), की सरळ ऑल-इन-वन इलेक्ट्रिक सिस्टीम? माझ्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे होते आणि मी यातलं काहीच न घेता एक साधा टू-स्टेज टेंपरेचर कंट्रोलर (थंड आणि गरम करणारी दोन्ही उपकरणं गरजेप्रमाणे चालू-बंद करून तापमान टिकवणारा) आणि एक जुना सेकंडहँड फ्रिज घेतला. आता बरेच महिने झालेत, एल, स्टाउट, लागर हे बियरचे प्रकार त्यातून काढून झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

हे का घेतलं ते आधी सांगतो. केटल मोठी घेतली तर बियर जास्त होते किंवा काम सोपं होतं, पण चव ठरते ती फर्मेंटरमध्ये, म्हणजे बियर आंबवायच्या भांड्यात. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे फर्मेंटेशन जोरात असताना आतली बियर खोलीपेक्षा सहज ३ ते ५ अंश जास्त गरम असते, म्हणजे खोली २२ ला असली तरी यीस्ट बसलंय २६ ला! साध्या एल यीस्टला साधारण १८ ते २० अंश मानवतं, त्याच्या फार वर गेलं की फ्युझेल नावाचे जड अल्कोहोल तयार होतात, बियर घशाला गरम आणि तिखट लागते, फळांसारखे वास नको तिथे येतात. आणि यातलं बरचसं पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरून जातं, जेव्हा यीस्ट वाढत असतं. नंतर कितीही थंड करा, उपयोग नाही.

वापर अगदी सोपा आहे. कंट्रोलर भिंतीच्या सॉकेटला, फ्रिज त्याच्या कूलिंगच्या सॉकेटला, हीट बेल्ट (फर्मेंटरभोवती गुंडाळायचा गरम पट्टा) हीटिंगच्या सॉकेटला, आणि प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, फर्मेंटरला. हा प्रोब कुठे लावता यावर सगळा खेळ आहे. नुसता फ्रिजच्या हवेत लटकवला तर तो हवेचं तापमान मोजतो, बियरचं नाही, आणि दार उघडलं की कंप्रेसर उगाच चालू. मी प्रोब फर्मेंटरच्या बाहेरच्या बाजूला, बियरच्या पातळीच्या खाली टेपने चिकटवतो आणि वरून फोमचा जाड तुकडा बांधतो, म्हणजे तो बियरच्या जवळपासचं तापमान दाखवतो. थर्मोवेल (प्रोब बियरच्या आत सोडता येईल अशी बंद नळी) असेल तर अजून चांगलं पण त्याची गरज पडली नाही. ठरवलेल्या तापमानापासून किती सरकल्यावर कंट्रोलरने चालू व्हायचं तो फरक अर्धा ते एक अंश ठेवायचा आणि कंप्रेसर डिले (बंद झाल्यावर परत चालू होण्याआधीची सक्तीची थांबणूक) किमान ३ मिनिटं, नाहीतर कंप्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर जातो.

फ्रिज निवडताना एक गोष्ट नक्की बघा, तो गोल नॉबवाला हवा. कंट्रोलर सॉकेटचा करंटच बंद-चालू करतो, आणि डिजिटल पॅनलवाले काही फ्रिज करंट परत आला की आपोआप आधीच्या सेटिंगवर चालू होत नाहीत. नॉब सगळ्यात थंड करून ठेवायचा, बाकी कंट्रोलर बघतो. आणि फर्मेंटरची उंची एअरलॉकसकट (गॅस बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झाकणावरची पाण्याची नळी) मोजून मगच फ्रिज घ्या, आत कंप्रेसरच्या पायरीमुळे जागा वाटते त्यापेक्षा कमी निघते.

तक्रारी पण आहेत. माझ्या कंट्रोलरचा प्रोब सुरुवातीपासून जवळपास एक अंश जास्त दाखवत होता. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात प्रोब बुडवला, तिथे ० यायला हवं, आलं नाही तेवढा फरक कॅलिब्रेशनमध्ये टाकला, काम झालं. हे प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावं असं माझं ठाम मत आहे. दुसरं म्हणजे बंद फ्रिजमध्ये ओल साठते, कोपऱ्यात बुरशी धरते, म्हणून ओल शोषणारे डबे ठेवावे लागतात आणि दोन बॅचच्या मधे आतून पुसून दार उघडं ठेवावं लागतं. तिसरं, एका वेळी एकच तापमान मिळतं, लागर आत असेल तर एलला थांबावं लागतं.

पण फायदे बघा ना. लागर हा प्रकारच आधी शक्य नव्हता. आता १० ते १२ अंशांवर फर्मेंट करायचं, शेवटाकडे १८ पर्यंत वर न्यायचं म्हणजे यीस्ट डायअसेटिल हे स्वतःच तयार केलेलं रसायन परत शोषून घेतं आणि लोण्यासारखा वास जातो, मग २ अंशांपर्यंत खाली, दोन-तीन दिवसांत यीस्ट तळाशी बसतं आणि बियर नितळ होते. फक्त थंड करताना फर्मेंटरमधली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, त्यामुळे त्याआधी एअरलॉक काढून त्या जागी फर्मेंटेशनच्याच गॅसने भरलेला स्वच्छ फुगा लावावा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तीच रेसिपी परत केली की तीच चव येते. रेसिपीत काय बदललं तर काय होतं हे आत्ता कुठे मला खरं कळायला लागलंय.

फ्रिजला जागाच नसेल तर? पाण्याच्या टबात फर्मेंटर ठेवून गोठवलेल्या बाटल्या आलटून पालटून टाकणं हा उपाय खरंच चालतो, पहिले तीन-चार दिवस सांभाळले तरी पुरे, कष्ट मात्र आहेत. नाहीतर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्या, ते ३० ते ४० अंशांतही स्वच्छ काम करतं आणि काही दिवसांत संपवतं. पण क्वाइकच्या वॉससारख्या प्रकाराची संत्र्यासारखी झाक प्रत्येक बियरला शोभत नाही.

चिलरबद्दल विचाराल तर घाई नाही, उकळता वर्ट (बियर व्हायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) उष्णता सहन करणाऱ्या बंद डब्यात भरून रात्रभर थंड होऊ द्यायची पद्धत ऑस्ट्रेलियात अनेकजण वापरतात, फक्त हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) थोडे उशिरा टाकावे लागतात कारण गरम वर्टमध्ये कडवटपणा वाढत राहतो. बियरमधली साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर छान आहे, दोन थेंबांत काम होतं, पण फर्मेंटेशन सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे आकडा चुकतो आणि करेक्शन लावावं लागतं, तोवर द्रवात तरंगवून साखर मोजणारा हायड्रोमीटर पुरतो. पुढचे पैसे साठले की मी १९ लिटरचा केग आणि सिओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर घेणार, कारण बाटल्या धुण्यात जाणारा वेळ आता खरोखर जड व्हायला लागलाय, आणि तो केग थंड ठेवायला फ्रिज तर आहेच, फक्त तेव्हा फर्मेंटरसाठी दुसरी जागा बघावी लागेल.