शनिवारची फळपेटी : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या मिरगाला दर शनिवारी घरपोच येणारी फळपेटी लावली. साडेचारशे रुपये, चार किलोच्या आसपास माल. काय येणार ते शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर कळतं, बदलून मात्र मिळत नाही. आईचा शेरा ठरलेला : "रत्नागिरीत ऱ्हाऊन फळं मोबाइलवर मागवतायस?"

पण पावसाळ्यात पेटीने पैसे वसूल केले. आंबा-फणस संपले की गणपतीपर्यंत आमच्या परड्यात केळी आणि पपई, बास. बाकीचं बहुतेक फळ कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून येतं. दरड आली की हातगाडीवरची फळं शिळी आणि भाव वर. पेटीसुद्धा दोनदा सोमवारी आली, पण आली, आणि ठरल्या पैशात. श्रावणातल्या उपासांना मोसंबी, डाळिंब घरात होतं. गणपतीच्या आठवड्यात बाजारात सफरचंदाला हात लाववत नव्हता, तेव्हाही दर तोच. त्या वेळी मी आईकडे नुसतं बघितलं.

तक्रार भरण्याच्या पद्धतीबद्दल आहे. सीताफळं खाली, पेरू वर! उघडलं तर रस पुठ्ठ्यात मुरलेला. फोटो पाठवल्यावर पुढच्या खेपेला भरपाई दिली. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीत दोनदा आली, दोन्ही वेळा चटणी होऊन. संत्री आणि नाशिकची द्राक्षं मात्र चोख.

मार्चमध्ये पेटीत सहा हापूस आले आणि बिनसलं. साल पिवळीधमक, वास नाही, कापल्यावर कोयीशी आंबटढोण. कार्बाइडचा आरोप मी करत नाही. त्यावर बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे. पण कोवळा काढलेला आंबा कशानेही पिकवा, गोडी कुठून येणार? आम्ही दरवर्षी ओळखीच्या बागायतदाराकडून पाच डझनी कच्ची पेटी घेतो आणि माजघरात पेंढ्यात आढी घालतो. आठ-दहा दिवस आई रोज हात फिरवते, पिकलेला बाजूला काढते. साका त्यातही निघतो. बाहेरून देखणा आणि आत पांढरा गर. त्याला इलाज नाही, दोष कुणाला देणार?

म्हणून पाडव्यापासून पेटी थांबवली. त्यांनी कुरकुर न करता थांबवली, हे सांगायला हवं. सध्या एसटी स्टँडबाहेर बसणाऱ्या बायकांकडून पानाच्या द्रोणातली करवंदं, जांभळं आणि चोखायला रायवळ. करवंदं सकाळी घेतली तर संध्याकाळी पाणी सुटतं, ती पुठ्ठ्यात भरून कोण पाठवणार? बरका फणस शेजारून येतो, फुकट आणि नको इतका.

मिरगाला पेटी परत चालू करणार. स्ट्रॉबेरी नको आणि जड फळ खाली भरा, असं आत्ताच कळवलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.