ओएसपीएफचे एरिया पाडले, त्याला आठ महिने झाले

लातूरला आमचं छोटं इंटरनेटचं जाळं आहे. औसा, निलंगा, उदगीर आणि त्यामागची खेडी, बहुतेक रेडिओ लिंकवर. राउटर एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, सांगतात ते ओएसपीएफ या पद्धतीनं, आणि तिच्यात जाळ्याचे एरिया, म्हणजे भाग, पाडता येतात. आधी सगळे राउटर एरिया ० या मधल्या भागातच कोंबलेले. चालायचं तसं. पण वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, की देवणीकडचा एक टॉवर उठबस करायचा आणि त्याच्या प्रत्येक उठाबशीला लातूरपर्यंतच्या सगळ्या राउटरांना एसपीएफ, म्हणजे सगळ्यात जवळच्या वाटेचं गणित, नव्यानं चालवावं लागायचं. जुने राउटर धापा टाकायचे.

शेवटी एरिया वेगळे केले. निलंग्याकडचा टोटली स्टबी, म्हणजे बाहेरचे रूट आत न घेता एकच डिफॉल्ट (बाकी सगळ्यासाठीची वाट) घेणारा. खेड्यातल्या राउटरला जगाची उठाठेव कशाला? नो-समरी (दुसऱ्या एरियांचे रूट अडवणारा शब्द) फक्त एबीआरवर, म्हणजे एरियांच्या सीमेवरच्या राउटरवर, लावायचं, बाकीच्यांना नुसतं स्टब. पडदाभर रूट दिसायचे तिथं मग एरियातले मोजके आणि खाली एक डिफॉल्ट. यंदाच्या मे महिन्यात टॉवर पडले तितकेच, पण ती धावपळ त्या-त्या एरियातच राहिली.

खोट नंतर दिसली. निलंग्याहून बाहेर पडायला दोन वाटा आहेत, एक औशाहून, एक थेट लातूरला. दोन्ही एबीआर डिफॉल्ट देतात, आणि आतला राउटर जवळचा एबीआर धरतो. लातूरचाच पॅकेट औशाला वळसा घालून जायचा. डिफॉल्ट-कॉस्ट, म्हणजे त्या डिफॉल्टची किंमत, बदलून बघितली, तर सगळी गर्दी एकाच लिंकवर. मग नो-समरी काढलं, साधा स्टब ठेवला. टाइप ३, म्हणजे दुसऱ्या एरियांचे रूट, परत आले, पण एबीआरवर रेंज बांधल्यानं (अनेक रूट एकात गुंडाळल्यानं) थोडेच.

खरी फजिती उदगीरला झाली. तिथल्या एका ग्राहकाचे स्टॅटिक (हातानं लिहिलेले) रूट आत घ्यायचे होते. स्टबमध्ये टाइप ५, म्हणजे ओएसपीएफच्या बाहेरून आलेले रूट, चालत नाहीत, म्हणून एनएसएसए, असे रूट आत घेऊ देणारा स्टबचा प्रकार. मी शहाण्यासारखा आधी लातूरच्या एबीआरवर कमांड मारली. एंटर दाबला आणि नेबरच्या (जोडलेल्या शेजारी राउटरांच्या) यादीतली उदगीरची ओळच गेली. हॅलो (शेजाऱ्याची ‘मी आहे’ ही हाक) दर १० सेकंदाला येत होते, पण त्यातला एन-बिट, म्हणजे एनएसएसएची खूण, जुळत नाही म्हटल्यावर नेबर होणार कसा? गाडी काढून उदगीर गाठलं. (एबीआरवरून थेट लिंकच्या पत्त्यावर उडी मारता आली असती, हे परतीच्या वाटेवर चहा पिताना सुचलं.) आता सगळ्यात लांबच्या राउटरपासून सुरुवात करतो, एबीआर शेवटी.

नेबर फुल (पूर्ण जोडलेले) झाले, तरी ग्राहकांचे फोन सुरूच. स्टबमध्ये एबीआर आपणहून डिफॉल्ट देतो, पण आमच्या राउटरांवर साध्या एनएसएसएत तो मागावा लागतो. डिफॉल्ट-इन्फर्मेशन-ओरिजिनेट हे शब्द जोडले आणि फोन थांबले. ग्राहकाचे रूट आत टाइप ७ म्हणून फिरतात, एबीआर ते टाइप ५ करून पुढं देतो. त्याबद्दल एकदाही तक्रार नाही.

जळकोटकडचे चार राउटर अजून शून्यातच आहेत. तिकडं हात दिवाळीनंतर.