लोणारची गाइडसोबतची फेरी: अर्धा दिवस की पूर्ण?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार म्हणजे उल्केच्या आघाताने झालेलं विवर आणि त्यातलं खारं तळं. तिथे गाइड घ्यावा का? विवरात उतरणार असाल तर जरूर घ्यावा, आणि पूर्ण दिवसासाठी घ्यावा. नेहमीची फेरी दोन-अडीच तासांची असते: कड्यावरून तळ्याचं दर्शन, गोमुखाची धार म्हणजे गोड्या पाण्याचा झरा, दैत्यसूदन मंदिराला एक चक्कर आणि परत गाडीत. तेवढ्यासाठी गाइड लागत नाही. लोणार कळतं ते खाली तळ्याच्या काठावर, आणि चांगल्या गाइडचे पैसे वसूल होतात तेही तिथेच.

आधी आकार लक्षात घ्या. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली जवळजवळ दीडशे मीटर, आतल्या तळ्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. म्हणजे नुसती वरची कड चालायची तर पावणेसहा किलोमीटर भरतात आणि तळ्याचा काठ पावणेचार. पाहत, थांबत काठाची फेरी चार-पाच तास घेते, त्यात उतरण-चढण वेगळी. "दोन तासांत सगळं दाखवतो" म्हणणारा यातलं बरंच गाळणार, हे उघड आहे.

क्रमही महत्त्वाचा. तळं सकाळी, मंदिर दुपारनंतर. बरेच गाइड उलट करतात, कारण दैत्यसूदन गावातच आहे आणि तिथून सुरुवात करणं सोयीचं पडतं. मग ऐन उन्हात खाली उतरावं लागतं. विवर म्हणजे वाटीच, वारा खाली पोचत नाही, आणि चढून येताना माणसं बसकण मारतात. उजाडता उजाडता उतरलात तर पक्षीही मिळतात. हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या, काठच्या चिखलात शेकाट्या, झाडीत मोर.

उतरताना गाइडने झाडी दाखवली पाहिजे. वरच्या उतारावरचा रानझाडोरा, सीताफळाची दाटी, खाली बाभळी, आणि पाण्यालगत क्षारांमुळे काहीच न उगवणारा उघडा पट्टा. चारशे पावलांत जमिनीचा खारेपणा झाडांवरून वाचता येतो. वनस्पतींच्या बाबतीत स्थानिक गाइड सहसा पक्के असतात. लहानपणापासून या झाडीत वावरलेला माणूस पानावरून झाड सांगतो आणि कुठली विलायती बाभूळ कुठे शिरली आहे तेही दाखवतो. सगळ्या फेरीत त्यांची सर्वांत जमेची बाजू हीच.

काठावर पोचलात की हळदीचा प्रयोग मागा. चिमूटभर हळद तळहातावर घ्यायची आणि तळ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे. पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल होते. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले की पुन्हा पिवळी. हे अल्कधर्मी पाण्यामुळे होतं: तळ्याच्या पाण्याचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) साधारण दहाच्या आसपास असतो. पाऊस आणि झऱ्यांचं गोडं पाणी जास्त मिसळलं की तो उतरतो, रंगही फिका येतो. म्हणून गाइडकडे हळदीखेरीज सामू मोजायच्या पट्ट्या हव्यात. तळ्याचं पाणी आणि गोमुखाच्या धारेचं पाणी एकापाठोपाठ तपासलं की शाळेतल्या मुलालाही फरक समजतो. काठच्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तो कुणाच्या घाणीचा नसून गाळातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या वायूचा आहे. गाइड हे सांगत नाही तेव्हा लोक नाक दाबून पळतात आणि सगळ्यात रंजक भाग हुकतो.

जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. उन्हाळ्यात पातळी घटली, क्षारता वाढली आणि मीठ सोसणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात हे समोर आलं. पुढे पावसाने रंग गेला. आज जाऊन गुलाबी तळं पाहायला मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्या फेरीचे पैसे आगाऊ देऊ नका.

तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत जाण्याचा आग्रह धरा, पण गाइडला निघण्याआधीच विचारा की वाट सध्या कोरडी आहे का. पाण्याची पातळी चढली की काठाची वाट जागोजागी बुडते, मग काठाची पूर्ण फेरी होत नाही आणि आलेल्या वाटेनेच परतावं लागतं. हे खाली पोचल्यावर कळलं तर दिवस वाया जातो. मंदिराजवळची सासू-सुनेची विहीरही चढत्या पाण्यात दिसेनाशी होते. तिच्या एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं, अशी ख्याती. तिथे माकडं फार, खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका.

आता दगड. इथे बहुतेक फेऱ्या कमी पडतात, आणि याचंच वाईट वाटतं, कारण लोणारचं मोल या दगडांत आहे. तीन प्रश्न विचारून गाइडची परीक्षा होते.

पहिला, विवराचं वय किती? "पन्नास हजार वर्षं" हे जुन्या मोजणीचं उत्तर आहे. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दोन्ही आकडे आणि त्यांतला फरक सांगणारा गाइड वाचणारा आहे.

दुसरा, उल्का तळ्याखाली आहे का? "अजून आत आहे" असं छातीठोक सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. एवढ्या वेगाने आदळलेला दगड बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जातो. पुरावा वेगळाच आहे: तळाला विंधन करून काढलेल्या खडकात धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार हे खनिज, म्हणजे मास्केलिनाइट, सापडलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरूनच विवर ज्वालामुखीचं असल्याचा जुना समज मागे पडला.

तिसरा, बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकातलं, हे "जगातलं एकमेव" आघातविवर का? बेसॉल्टमध्ये झालेली आघातविवरं ब्राझीलमध्येही आहेत, पण ती फार झिजलेली. लोणारची वाटी अजून शाबूत आहे, आणि चंद्र-मंगळावरचे बरेच खडकही बेसॉल्टचे असल्यामुळे अभ्यासक इथे येतात. हे उत्तर "एकमेव"पेक्षा कितीतरी भारी आहे.

गाइडकडे दहापट भिंग हवंच. कड्याजवळ बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूला उलटे कललेले दिसतात, ते बोटाने दाखवता आले पाहिजेत. बाहेर उडालेल्या मालात काळे काचेचे बारीक तुकडे असतात. ते भिंगातून पाहायचे आणि तिथेच ठेवायचे. हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. "उल्केचा तुकडा" विकणारा किंवा खिशात घाला म्हणणारा गाइड तिथल्या तिथे सोडावा.

होकायंत्राचा खेळ मोठ्या मारुतीच्या निजलेल्या मूर्तीपाशी दाखवतात. सुई हलते हे खरं, पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे साध्या काळ्या दगडाजवळही ती हलू शकते. रस्त्याकडेच्या दोन-तीन धोंड्यांजवळ होकायंत्र धरून पाहायला लावणारा गाइड जास्त शिकवून जातो. जवळचं अंबर तळं, म्हणजे छोटं लोणार, वेळ उरला तरच.

दैत्यसूदन मंदिराला दीड तास ठेवा. ताऱ्यासारख्या दातेरी आराखड्यामुळे भिंतीवर सावल्या पडतात आणि तिरप्या उन्हात शिल्पं उठून दिसतात. भरदुपारी तीच भिंत सपाट वाटते. आत अंधार आहे, छतावरचं कोरीवकाम टॉर्चशिवाय दिसत नाही, आणि मोबाइलचा उजेड पुरत नाही. विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून बिळात लपलेल्या लवणासुराला मारलं, पाणी हे त्याचं रक्त आणि क्षार हे त्याचं मांस, ही कथा इथे ऐकावी. सकाळी ते पाणी हातावर घेतलेलं असलं की ती वेगळीच पोचते. मंदिर हेमाडपंती म्हणून मोकळं होणारे गाइड बरेच. चुना न वापरता दगड एकमेकांत कसे बसवले, हे सांध्यावर बोट ठेवून सांगणारे थोडे, आणि तेच शोधावेत.

ठरवताना फोनवर एवढं पक्कं करा: गटात जास्तीत जास्त दहा जण, प्रवेशाचे पैसे फीमध्ये की वेगळे, भिंग, पट्ट्या, दुर्बीण, टॉर्च कोण आणणार, उतरायची आणि चढायची वाट एकच की दोन. दोन असतील तर गाडी वर कुठे उभी राहील ते ड्रायव्हरला आधीच सांगावं लागतं. खाली पाणी विकत मिळत नाही, माणशी दोन लिटर न्या. चपला नकोत, घट्ट बुटं हवीत, पावसाळ्यात दगड शेवाळतात. नवरात्रात कमळजादेवीची यात्रा असते, तेव्हा विवर समजून घेण्याइतकी शांतता मिळत नाही.

रेल्वेने येणार असाल तर जालना उतरा. तिथून लोणार साधारण नव्वद किलोमीटर, म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा. सकाळी निघून दहाला पोचणाऱ्याला गाइड देऊ शकतो ती तीच अडीच तासांची फेरी.