६५० रुपयांच्या दोन स्प्रिंगा: बुलेटचा ऑटो अ‍ॅडव्हान्स, साडेनऊ महिन्यांनंतर

ज्याच्याकडून हा ऑटो अ‍ॅडव्हान्स घेतला त्या दुकानदाराशी परवा पुन्हा वाजलं, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर कंटाळाच करत होतो.

गाडी वडिलांची. १९८७ ची साडेतीनशे बुलेट, सीबी पॉइंटवाली (पॉइंट उघडला की ठिणगी पडते), गियर उजव्या पायात. ठिणगी पिस्टन वर पोचायच्या जराशी आधी पडते, आणि रेस वाढेल तशी ती आणखी आधी पाडायचं काम ऑटो अ‍ॅडव्हान्सचं: दोन वजनं फिरताना बाहेर पसरतात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकवतात, रेस उतरली की दोन स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. आम्ही राहतो रत्नागिरीजवळ भाट्याला, समुद्र हाकेवर. इथे खाऱ्या वाऱ्यात दाराची कडी दोन पावसाळे काढत नाही, तिथे पॉइंटच्या प्लेटखालच्या त्या दोन नाजूक स्प्रिंगांची काय कथा! गेल्या गणपतीच्या आधी गाडीची रेस चढली की उतरेना. मूठ सोडली तरी इंजिन आपलं पळतंय. मी कार्ब्युरेटर दोनदा उघडला, केबल नवी घातली, शिव्या घातल्या. शेवटी आमच्या मेकॅनिक चाचांनी पॉइंटचं झाकण काढलं, कॅम बोटाने फिरवला आणि सोडला. तो जागेवर परत आलाच नाही. स्प्रिंगा गंजून ढिल्या पडलेल्या, वजनं बाहेर पसरलेली ती पसरलेलीच. चाचा एवढंच म्हणाले, "कार्ब्युरेटरचा काय गुन्हा होता?"

बाजारात नुसत्या स्प्रिंगा मागितल्या. दुकानदार म्हणाला, मिळत नाहीत, पूर्ण युनिट घ्या. ६५० रुपये. हे ९४-९५ च्या मॉडेलचं आहे, पण "सगळ्याला बसतं". बसलं, हे कबूल. शाफ्टवर असं बसलं की जणू तिथलंच. ०.३५ मिमीची गेजपट्टी पॉइंटमध्ये घालून गॅप लावला, पिस्टन वर यायच्या ०.८ मिमी आधी थांबवला, सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून प्लेट हळूहळू फिरवली. कागद सुटला तिथे स्क्रू आवळले. अँपिअरचा काटा मधे आणून, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून एकच किक, आणि रेस शहाण्या मुलासारखी खाली. पिकअप तर आधीपेक्षा चांगला! दोन महिने मी भेटेल त्याला हे युनिट घ्या म्हणून सांगत सुटलो होतो. त्या सगळ्यांची इथेच माफी मागतो.

दिवाळी झाल्यावर मुलीला कोल्हापूरला सोडायला निघालो. मागे ती, तिची बॅग, वर फराळाचा डबा. साखरपा सोडून आंबा घाट लागला आणि तिसऱ्या गियरमध्ये इंजिनातून आवाज सुरू झाला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. मुलगी म्हणाली, "बाबा, चकल्या वाजतायत." चकल्या नव्हत्या. मूठ ढिली केली की आवाज बंद, चढाला ताण दिला की पुन्हा सुरू. दुसऱ्या गियरवर रांगत वर पोचलो.

परत आल्यावर चाचांनी टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं केलं. घाटातला आवाज गेला, पण गाडीचा जीवही गेला. किकला उठायची ती आळोखेपिळोखे देत. बाजारात हळू चालवताना सायलेन्सरचा पाइप एवढा तापायचा की वाकणाशी निळा पडला. पेट्रोलही जास्त. युनिट बोगस आहे, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. ते मत आता बदललंय. युनिट बोगस नव्हतं, माझ्या गाडीचं नव्हतं.

कसं कळलं? फेब्रुवारीत एका रविवारी जुनं आणि नवं युनिट शेजारी ठेवून मुलीच्या जुन्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजलं. वजनं पूर्ण उघडली की जुन्याचा कॅम ११ अंश फिरतो, नव्याचा १५. चार अंशांचं काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमवरचे चार म्हणजे क्रँकवर, इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, आठ! पिस्टनचे ०.८ मिमी म्हणजे क्रँकचे साधारण १० अंश धरा. जुन्याने त्यात २२ मिळवले की ३२. नव्याने ३० मिळवले की ४०, ठिणगी फारच आधी, म्हणून घाटात खडे. आणि ते ४० खाली ३२ वर आणायचे तर सुरुवातीचे १० कापून २ करावे लागतात, म्हणून आळस आणि निळा पाइप. प्लेट कितीही फिरवा, दोन्ही टोकं एकदम जमणारच नाहीत. चाचांनी कोनमापकाकडे बघून मान हलवली, चहा सांगितला.

मग नव्याच्या स्प्रिंगा काढल्या आणि जुन्या युनिटवर चढवल्या. बसल्या. टायमिंग पुन्हा ०.८ वर. त्याला आता चार महिने झाले. आंबा घाट तीनदा चढलो, एकदा तर भातबियाण्याची पिशवी आणि मेहुणा दोघांना घेऊन, खडे नाहीत. पाइप निळाच राहिला, तो काही परत येत नाही. स्प्रिंगा जुन्यांपेक्षा जराशा कडक असाव्यात, मधल्या रेसला गाडी किंचित झोपाळू वाटते. मला चालतं. महिन्यातून एकदा ऑइलचा एक थेंब सोडतो, पॉइंटला लागणार नाही असा.

म्हणजे हिशेब असा की ६५० रुपयांत मला दोन स्प्रिंगा मिळाल्या, ३२५ ला एक. एवढ्यात पाव डझन हापूस... जाऊ दे. उरलेलं युनिट तरी परत घ्या, अर्धे पैसे द्या, म्हणून परवा गेलो. म्हणतो, "इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही." अहो, यात वीज आली कुठून? दोन वजनं आणि एक कॅम आहे! अर्धा तास वाद घातला, बाहेर पाऊस, गिऱ्हाईकं ऐकतायत. शेवटी त्याने युनिट हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "ठीक आहे काका, घेतो. यातल्या स्प्रिंगा तेवढ्या आणून द्या."