एप्सन टीडब्ल्यू ७००० चा रिव्ह्यू, आणि त्याच्याआधी छताला काळा रंग का मारायचा

एप्सनचा ईएच-टीडब्ल्यू ७००० प्रोजेक्टर घरात लावून बराच काळ झालाय, नव्याची नवलाई संपली, म्हणून आता जे खरंच वाटतं ते लिहितो. मशीन जबरदस्त आहे. पण खोक्यातून काढून पांढऱ्या हॉलमध्ये नुसतं चालू केलंत तर त्याची निम्मी ताकदही दिसणार नाही, आणि मग लोक म्हणतात की प्रोजेक्टरपेक्षा टीव्हीच बरा होता.

आधी मशीनबद्दल. थ्रीएलसीडी आहे, म्हणजे लाल हिरव्या निळ्या तिन्ही रंगांची वेगळी पॅनल्स आणि तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर पडतात, त्यामुळे सिंगल चिप डीएलपीत (दुसरा प्रकार, त्यात एकाच चिपवरून रंग एकामागून एक पडतात) काही जणांना नजर फिरवली की जे इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात ते इथे नाहीत. आमच्या घरात एकाला ते हमखास दिसतात म्हणून हा मुद्दा माझ्यासाठी मोठा होता. पॅनल १०८०पी चंच (फुल एचडी) आहे, ते अर्धा पिक्सल तिरकं सरकवून फोरकेच्या जवळ नेतात, कंपनी त्याला फोरके प्रो-यूएचडी म्हणते. अस्सल फोरके नाही हे माहीत असू द्या, पण १० फुटांवरून १०० इंचाच्या पडद्यावर मला तरी कमी वाटत नाही. स्पीकर नाही, साउंडची सोय वेगळी करावी लागते.

आता खरा विषय, काळा रंग. प्रोजेक्टर काळा टाकूच शकत नाही, काळ्या जागी तो फक्त उजेड कमी टाकतो. पडदा मुळात पांढरा, त्यामुळे प्रोजेक्टर बंद असताना तुमच्या खोलीत पडदा जितका उजळ दिसतो त्याहून गडद काळा तुम्हाला मिळणार नाही, मग मशीन २ लाखांचं असो की २० लाखांचं. आणि खिडक्या बंद केल्या की झालं असंही नाही, कारण पडद्यावरचा उजेड खोलीत परत येतो, छतावर आपटतो आणि पुन्हा पडद्यावर पडतो. आपल्याकडे फ्लॅटमध्ये पीओपीचं पांढरंशुभ्र छत आणि ऑफव्हाइट भिंती, म्हणजे अख्खी खोलीच दिवा झाली.

मी काय केलं, पडद्यापासून पुढे साधारण ६ फूट छत आणि बाजूच्या भिंती गडद करड्या मॅट रंगात करून घेतल्या (मॅटच घ्या, सॅटिनला चमक असते). रात्रीचा सीन, अंधाऱ्या खोलीत एक कंदील आणि मागे बसलेला माणूस, आधी तिथे नुसता राखाडी धूर दिसायचा, आता त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीची वीण दिसते. प्रोजेक्टर तोच आणि सेटिंगही तेच. रंग मारायच्या आधी खात्री करायची असेल तर पडद्याजवळ छताखाली काळी चादर धरायला दोघांना उभं करा आणि गडद सीन लावा, फरक लगेच कळेल. भाड्याचं घर असेल तर काळे कापडी पडदे सरकवायची सोय करा.

म्हणूनच ल्युमेन्सच्या, म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड टाकतो त्या आकड्याच्या मागे फार लागू नका. डिजिटल सिनेमाच्या थिएटरमध्ये पडद्यावर १४ फूट-लँबर्ट उजेड धरतात (साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला एक ल्युमेन पडला की एक फूट-लँबर्ट). १०० इंचाचा पडदा जेमतेम ३० चौरस फुटांचा, म्हणजे साध्या मॅट व्हाइट पडद्यावर ४२० ल्युमेन्स पोचले की काम झालं. याची कंपनी ३००० सांगते, रंग अचूक असलेल्या मोडमध्ये त्याहून बरेच कमी मिळतात आणि दिवा जुना होईल तसे अजून कमी, तरी अंधारात पुरून उरतात. लाइट चालू ठेवून मॅच बघायची असेल तर मात्र तो जास्तीचा उजेड कामाला येतो. आणि ऑनलाइन ते ८-१० हजारांत ९००० ल्युमेन्स लिहिलेले डबे मिळतात त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आन्सी किंवा आयएसओ ल्युमेन्स (ठरलेल्या पद्धतीने मोजलेले) लिहिलेत का ते बघा, आणि 'फोरके सपोर्ट' म्हणजे फक्त सिग्नल घेतो, पॅनल किती पिक्सलचं आहे ते वेगळं विचारा.

बसवताना दुकानाचा माणूस आला होता (दुकानाचं नाव घेत नाही), त्याने ब्रॅकेट छताला एकदम वर लावलं आणि चित्र तिरकं आलं तर कीस्टोन मारून सरळ केलं. म्हणाला, "साहेब, सरळ दिसतंय ना, मग काय प्रॉब्लेम?" म्हटलं दादा, पाइप लांब लाव आणि खाली घे. कारण कीस्टोन म्हणजे चित्र सॉफ्टवेअरने चेमटवणं, पॅनलचे काही पिक्सल वायाच जातात आणि सबटायटलच्या अक्षरांच्या कडा करवतीसारख्या होतात. या मॉडेलला लेन्स शिफ्ट आहे, उभं ६० टक्के आणि आडवं २४ टक्के, त्यात लेन्सच हलते त्यामुळे पिक्सल एकही जात नाही. हिशोब केला तर १०० इंचाला लेन्स पडद्याच्या वरच्या कडेच्या ५ इंच वरपर्यंत चालते, त्याहून वर नको. वर पूर्ण सरकवलं की आडवं फारसं सरकत नाही म्हणून मधोमधच लावा. अंतर ३ ते पावणेपाच मीटरमध्ये कुठेही चालतं.

सेटिंगमध्ये पहिलं काम, डायनॅमिक मोड बंद. त्यात उजेड भरपूर पण सगळं हिरवट, माणसांचे चेहरे आजारी वाटतात. सिनेमाला नॅचरल किंवा सिनेमा मोड, क्रिकेटला ब्राइट सिनेमा. कलर टेंपरेचर (पांढरा किती निळसर की पिवळसर ते) ६५०० च्या आसपास, पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, दोन-तीन पिक्चर बघा, डोळे बसतात. इमेज एन्हान्समेंट कमीत कमी ठेवा, जास्त केलं की प्रत्येकाच्या डोक्याभोवती पांढरी रेघ येते. ब्राइटनेस नावाचं बटण खरं तर काळ्यासाठी आहे आणि कॉन्ट्रास्ट पांढऱ्यासाठी, त्यामुळे आधी ब्राइटनेस असा लावा की काळ्या कोटाच्या घड्या जेमतेम दिसतील, मग कॉन्ट्रास्ट ढगांचा पोत जाणार नाही इतपत.

काळा अजूनही धुरकट असेल किंवा उलट अंधारात सगळं बुडून जात असेल तर एचडीएमआय व्हिडिओ रेंज बघा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे सेट टॉप बॉक्स १६ ते २३५ मध्ये पाठवतोय आणि प्रोजेक्टर ० ते २५५ समजतोय असला घोळ फार ठिकाणी असतो, दोन्हीकडे एकच ठेवा. स्ट्रीमिंग स्टिकमध्ये मूळ फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मॅच करायचं सेटिंग चालू करा, सिनेमा २४ फ्रेम्सचा असतो, तो ६० मध्ये पाठवला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेला व्हिडिओ) अंधारं वाटलं तर डायनॅमिक रेंजचा स्लायडर आहे, तो हलवून बघा.

केबल. छतापर्यंत १०-१५ मीटर जाते आणि साध्या तांब्याच्या केबलवर एवढ्या लांब फोरके एचडीआर टिकेलच याची खात्री नाही, मध्येच स्क्रीन काळी होते. फायबरची घ्या, तिला दिशा असते, सोर्सचं टोक बॉक्सकडे आणि डिस्प्लेचं प्रोजेक्टरकडे, भिंतीत गाडायच्या आधी लावून तपासा.

फिल्टर साफ ठेवा, आपल्याकडच्या धुळीत तर नक्कीच. दिव्याचं आयुष्य कंपनी ३५०० तास सांगते, इकोमध्ये (कमी उजेडाच्या मोडमध्ये) ५०००, पण आयुष्य संपलं याचा अर्थ उजेड निम्म्यावर आला असा असतो, म्हणून मी पहिल्यापासून इकोवर चालवतो, पंख्याचा आवाजही कमी. डेमोला जाल तेव्हा स्वतःची स्टिक घेऊन जा, दुकानातल्या फुलापक्ष्यांच्या क्लिपवर कुठलाही प्रोजेक्टर भारी दिसतो, तुम्ही पाहिलेल्या एखाद्या पिक्चरमधला रात्रीचा सीन लावायला सांगा, लाइट बंद करायला सांगा आणि चेहऱ्यांकडे बघा.