पोटाला न बाधणारे ‘क’ जीवनसत्त्व

मला आम्लपित्ताचा जुना त्रास आहे. ‘क’ जीवनसत्त्वाची साधी गोळी उपाशीपोटी घेतली तरी छातीत जळजळ सुरू होते. त्यामुळे गेल्या ज्येष्ठात रत्नागिरीतील एका मंगल कार्यालयात भरलेल्या आरोग्य प्रदर्शनात ‘सोडियम ॲस्कॉर्बेट, पोटाला न बाधणारे’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्या दिसल्या, तेव्हा मी फारशी चौकशी न करता 3 डब्यांचे 2,100 रुपये मोजले. पावती मागितली असता ‘काका, व्हॉट्सॲपवर पाठवतो’ असे उत्तर मिळाले. ती अजून यायची आहे.

मुळात मी मागत होतो ती वस्तू खोटी नव्हे. ‘क’ जीवनसत्त्व म्हणजेच ॲस्कॉर्बिक ॲसिड, आणि ते नावाप्रमाणेच आम्ल असते. सोडियम किंवा कॅल्शियमच्या साहाय्याने त्याची आम्लता मारली की जो क्षार (सोडियमच्या बाबतीत सोडियम ॲस्कॉर्बेट) तयार होतो, तो नाजूक पोटाच्या पुष्कळ लोकांना सोसतो.

चौथ्या दिवशी जळजळ वाढली. विक्रेत्याला फोन केला, तर त्याने अंगातील उष्णता बाहेर पडत असल्याचे सांगून एकाऐवजी दोन चमचे घेण्याचा सल्ला दिला आणि मी, सांगायला लाज वाटते, तो पाळला. परिणामी जुलाबही सुरू झाले.

आषाढातील ओलीने आमच्या स्वयंपाकघरात मिठालाही पाणी सुटते. त्याच ओलीने डबीवरील चिठ्ठीचा एक कोपरा सुटला आणि खाली मूळ छापील अक्षरे दिसली : ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड’. महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या पुतण्याने चमचाभर पूड पाण्यात विरघळवून त्यात खाण्याचा सोडा टाकला, तोच पेला फसफसून वर आला. खरे सोडियम ॲस्कॉर्बेट असे फसफसत नाही. मग त्याने वरच्या चिठ्ठीवरील अन्न परवान्याचा क्रमांक बोटाने मोजला. तो 14 अंकी असावा लागतो, आमचा 13 अंकीच भरला.

डॉक्टरांनी वेगळेच कान उपटले. माझा रक्तदाब पाहता अस्सल मालही विचारल्याशिवाय घेणे योग्य नव्हते, कारण सोडियम ॲस्कॉर्बेटच्या 1 ग्रॅममध्ये सुमारे 110 मिलिग्रॅम सोडियम असते. शिवाय प्रौढ पुरुषाला ‘क’ जीवनसत्त्व दिवसाला 80 मिलिग्रॅम पुरते आणि तेवढे आमच्या परसातील एका पेरूतून सहज मिळते, ज्याकडे मी वटवाघळांचा खाऊ म्हणून पाहत आलो होतो.

विक्रेत्याचा फोन आता बंद लागतो. पैसे ऑनलाइन दिल्याचा पुरावा आणि एक न उघडलेली डबी जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही ती नोंदवली आहे. आपल्याकडे अशी डबी असल्यास चिठ्ठीखाली नख घालून पाहावे आणि पुरावा म्हणून ती फेकू नये. आमच्या उघडलेल्या डबीतील पूड मात्र पत्नी तांब्याचा हंडा घासायला वापरते. आमसुलाने निघतो तितकाच तो लख्ख निघतो.