ग्लो टेट्रा आणि ग्लो डॅनिओ, दिवाळी ते श्रावण: मासे टिकले, निळा लाइट गेला

ग्लो मासे म्हणजे जनुक बदलून चमकदार रंगाचे केलेले शोभेचे मासे. त्यांच्या टाकीवरचा निळा लाइट वॉरंटीत असतानाच गेला, त्यावरून दुकानदाराशी चाललेली वादावादी एकदाची संपली, म्हणून आता सविस्तर लिहिते. टाकी दोन फुटी, पाणी साधारण साठ लिटर. आत सहा ग्लो टेट्रा (गुलाबी, हिरवे, केशरी) आणि पाच ग्लो डॅनिओ. दिवाळीत दिरांनी माझ्या मुलीला भेट म्हणून सगळा संच दिला: टाकी, फिल्टर, मासे आणि तो निळा लाइट. टाकी सायकल करणं (मासे सोडण्याआधी फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू रुजू देणं), अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध), आठवड्याला पाव पाणी बदलणं हे तुम्हाला ठाऊक असेल, त्यात शिरत नाही.

आधी लाइटबद्दल. बंद नळीसारखी एलईडी पट्टी, दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या. खोक्यावर ठळक अक्षरात वॉटरप्रूफ आणि एक वर्षाची वॉरंटी. उन्हाळा संपता संपता उजव्या टोपीच्या आतून धुकं धरायला लागलं. मग एक थेंब दिसू लागला, पट्टी तिरपी केली की तो थेंब दिव्यांच्या रांगेवरून घरंगळत जायचा. पुढे अर्धी पट्टी गेली आणि एक दिवस सगळीच. बिल आणि खोकं घेऊन दुकानात गेले. त्याने पट्टी उजेडात धरली, थेंब बघितला आणि म्हणाला, "ताई, आतमध्ये पाणी घुसलं न, याच्यात कंपनी काही देत नाही." मी म्हटलं, भाऊ, हा लाइट माशांच्या टाकीवर लावायलाच विकला ना तुम्ही? त्यावर उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी गेले तर मालक नव्हते, त्यापुढच्या वेळी "कंपनीचा माणूस येणार आहे". शेवटी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला की तसाच नवीन लाइट अर्ध्या किमतीत देतो. मी नाही म्हटलं आणि विषय तिथेच संपवला. वॉरंटीतल्या वस्तूसाठी पुन्हा पैसे का म्हणून द्यायचे?

आणि प्रश्न नुसत्या साडेआठशे रुपयांचा नाही. ही पट्टी थेट घरच्या २३० व्होल्टवर चालणारी होती, मध्ये अडॅप्टर नाही. त्याच टाकीत माझी मुलगी हात घालून शेवाळ पुसते. घेणार असाल तर १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलाच लाइट घ्या. वायर प्लगकडे नेताना खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून आलेला थेंब झोळाच्या तळाशी गळतो, प्लगपर्यंत जात नाही. टाकीत हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद. हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

लाइट गेला तेव्हा वाटलं होतं की आता या माशांत बघण्यासारखं काय राहिलं. झालं उलटंच. टाकी पूर्वेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर आहे, थेट ऊन येत नाही, पण सकाळचा उजेड भरपूर. त्या उजेडात गुलाबी टेट्रा गुलाबीच दिसतात, हिरवे हिरवेच. एवढंच नाही, निळ्या उजेडात जो सरसकट झगझगाट असायचा त्यात न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या: टेट्राच्या कल्ल्यामागचे दोन उभे काळसर पट्टे, शेपटीच्या पंखाची पारदर्शक कड, अंड्यांनी भरलेल्या मादीचं गोल पोट. मुलीनेच आधी दाखवलं की हिरव्या टेट्राच्या अंगातून पाठीचा कणा रेघेसारखा दिसतो.

यामागचं कारण समजून घेतलं आणि मग लाइटबद्दलचं माझं मतच बदललं. हे मासे स्वतः प्रकाश तयार करत नाहीत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गाँग यांच्या गटाने १९९९ मध्ये जेलीफिशमधलं हिरव्या चमकदार प्रथिनाचं जनुक झेब्रा डॅनिओच्या अंड्यात घातलं. पाण्यातलं प्रदूषण ओळखून रंग दाखवणारा मासा तयार करायचा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे लाल रंगासाठी प्रवाळातलं जनुक वापरलं गेलं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस हे डॅनिओ शोभेचे म्हणून विक्रीला आले आणि टेट्रा २०१२ मध्ये. जेलीफिशचं ते हिरवं प्रथिन निळा किंवा अतिनील प्रकाश शोषतं आणि हिरवा परत देतं. जेलीफिशमधून ते पहिल्यांदा वेगळं करणाऱ्या ओसामु शिमोमुरा यांना मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्याबरोबर २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे पूर्ण अंधारात हे मासे चमकणारच नाहीत, "रात्री अंधारात चमकतात" हे दुकानातलं वाक्य चूक आहे. आणि गाँग यांच्या गटाने हे प्रथिन माशाच्या स्नायूंमध्ये इतक्या प्रमाणात तयार होईल अशी जुळणी केली की साध्या दिवसाच्या उजेडातही रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो. निळा लाइट म्हणजे जास्तीची हौस, गरज नव्हे. दुकानदार मात्र मासे आणि लाइट एकत्रच गळ्यात मारतो.

बरं, हौसेपायी माशांना त्रास होतो हेही बघितलं. पाहुणे आले की लाइट लावा, मुलीच्या मैत्रिणी आल्या की लाइट लावा, रात्री नाइटलॅम्प म्हणून लावा. सासूबाई सुरुवातीपासून म्हणायच्या, "कायले जाळून राहिली तो लाइट रातभर? त्यायले झोप नाही लागत का?" त्यांचं बरोबर होतं. झेब्रा डॅनिओ दिवसा जागणारा मासा आहे, रात्री झोपतो, आणि उजेड चालू राहिला तर त्याची झोप मोडते. प्रयोगशाळांमध्येही या माशांना १४ तास उजेड आणि १० तास अंधार ठेवतात. आमच्याकडे लाइट गेल्यानंतरच्या आठवड्यांत टेट्रा फिल्टरच्या मागून बाहेर येऊन मधल्या पाण्यात फिरायला लागले, खायलाही आधी पुढे येऊ लागले. काचेवरचं शेवाळही कमी झालं.

विजेचा हिशेब छोटाच आहे, पण मी तो लिहून ठेवते. १२ वॅटचा लाइट रोज आठ तास म्हणजे महिन्याला तीन युनिटच्या आत. रात्रंदिवस जाळला तर साडेआठच्या वर. फिल्टर ८ वॅटचा, तो कधीच बंद करायचा नाही, त्याचे पावणेसहा युनिट. म्हणजे रात्रंदिवस जळणारा शोभेचा दिवा माशांना जिवंत ठेवणाऱ्या फिल्टरपेक्षा जास्त वीज खातो.

हिवाळ्याचं विशेष काही नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे नागपुरात रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा १०० वॅटचा हीटर २५ अंशांवर लावून ठेवला, झालं.

उन्हाळा मात्र नागपूरचा. बाहेर ४५, घरात कूलर लावून ३१-३२, आणि वीज गेली की टाकीतला थर्मामीटर ३३-३४ ला पोचलेला. डॅनिओ तग धरतात, टेट्राला मात्र लवकर त्रास सुरू होतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. मे महिन्यात एका दुपारी सगळे टेट्रा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून कल्ले भराभर हलवत होते, केशरी टेट्रा तर तिरपा झाला होता. बर्फाची बाटली टाकू नका. तापमान झटकन पडतं, बर्फ वितळला की झटकन चढतं, आणि ते हेलकावेच माशाला मारतात.

आमच्याकडे उपयोगी पडला तो क्लिपवाला छोटा पंखा. टाकीचं झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली (डॅनिओ उडी मारतात, उघडी टाकी ठेवूच नका) आणि पंख्याचा वारा पाण्यावर तिरपा सोडला. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. कूलरचंच तत्त्व. पण त्याच खोलीत खिडकी बंद ठेवून कूलर चालवला तर हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग संपतो. खिडकी उघडी हवी. पाणी रोज बोटभर कमी होतं. क्षार मात्र टाकीतच राहतात, म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याची आणि आठवड्याचा बदल नळाच्या पाण्याचा, असं ठरवून टाकलं. बदलाचं पाणी रात्रीच बादलीत काढून ठेवायचं. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने आपल्याला हात धुववत नाही, ते माशांवर ओतायचं का? खाणं निम्म्यावर आणलं, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) दिवसरात्र चालू ठेवला. इतकं करून एक केशरी टेट्रा गेलाच. बाकी दहा जण निघाले त्या उन्हाळ्यातून, आणि याचं मला फार समाधान आहे. पाऊस सुरू झाला आणि पंखा काढून ठेवला, दमट हवेत तो काही करत नाही.

याच पावसाळ्यात फिल्टरचा स्पंज पिळायला काढला तर पाण्यात नुसते डोळेच दिसणारं काहीतरी हललं. डॅनिओची दोन पिल्लं. अंडी घालून डॅनिओ स्वतःच ती खाऊन टाकतात, ही दोन स्पंजच्या कपारीत वाचली होती. वेगळ्या बरणीत ठेवली, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक सुईच्या टोकाएवढा पाण्यात कालवून दिला. आज ती करंगळीच्या नखाएवढी आहेत आणि दोन्ही लालसर गुलाबी. ज्यांना शंका असते की हे मासे सुई टोचून रंगवलेले असतात, त्यांच्यासाठी हा पुरावा. तसा प्रकार होता, पारदर्शक काचमाशांना रंगाची इंजेक्शनं देऊन विकायचे. तो रंग काही महिन्यांत उडतो आणि मासाही आजारी पडतो. या माशांचा रंग जन्माचा आहे आणि पिढीत उतरतो.

आणि म्हणूनच पुढचं कळकळीने लिहिते. शेजारच्या काकूंनी सुचवलं की जास्त झाले तर फुटाळा तलावात सोडून या, पुण्य लागेल. कृपा करून असं कोणी करू नका, तलावात नाही, नाल्यात नाही, विसर्जनाच्या हौदातही नाही. झेब्रा डॅनिओ मूळचा आपल्याच उपखंडातला मासा आहे, १८२२ मध्ये हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातून त्याची शास्त्रीय नोंद केली. म्हणजे इथल्या पाण्यात त्याचे सख्खे भाऊबंद सापडू शकतात. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतांतून निसटलेले लाल-हिरवे ग्लो डॅनिओ जंगलातल्या ओढ्यांत राहून, किडे खाऊन, वाढून प्रजनन करताना सापडले, तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या टाक्यांत साध्या नरांनी मादीसाठीच्या चढाओढीत लाल नरांना हरवलं होतं आणि पंधरा पिढ्यांत जवळजवळ सगळीकडून ते जनुक नाहीसं झालं होतं. टाकीतलं चित्र वेगळं, ओढ्यातलं वेगळं. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीत जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून नाग नदीकाठच्या तळमजल्यावर अशी टाकी ठेवणाऱ्यांना मी ती उंचावर ठेवायला सांगते.

कायद्याचंही एकदा तपासा. आपल्याकडे जनुक बदललेले जीव आणायला आणि विकायला १९८९ च्या नियमांनुसार केंद्राच्या जीईएसी, म्हणजे जनुक बदललेल्या जीवांची तपासणी करणाऱ्या समितीची परवानगी लागते. मी दुकानात त्याबद्दल विचारलं तर "सगळेच विकतात ताई" एवढंच उत्तर मिळालं, कागद कोणी दाखवला नाही. त्यामुळे नवीन ग्लो मासे मी विकत घेणार नाही. आहेत त्यांना मरेपर्यंत नीट सांभाळणार. टेट्रा तीन ते पाच वर्षं जगतात, डॅनिओ थोडे कमी.

दोन पिल्लं झाली हे कळल्यावर मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईने ती मागितली आहेत. मी त्यांना टाकीचा फोटो पाठवायला सांगितला आहे: झाकण किंवा जाळी आहे का, फिल्टर चालू होऊन महिना झाला का, आणि वर कोणता लाइट लावलाय. लाइट रबरी टोप्यांचा असेल तर आधी तो बदलायला सांगणार.